आमची वाटचाल : मोरचूदवाल्यांचं दुकान

आमचं शोभेच्या माशांचं दुकान. बाजारात आम्हाला ‘मोरचूदवाले’ म्हणतात. हे नाव आमच्या जुन्या भागीदारानं पाडलं, आणि ते काही कौतुकानं नाही. ‘ते लोक माशांना मोरचूद पाजतात, निम्मे मासे मरतात आणि उरलेल्यांचे दुप्पट पैसे लावतात,’ असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. अजूनही सांगतो. मोरचुदाचं खरं आहे, माशांवरचे परजीवी मारायला आम्ही तो, म्हणजे कॉपर सल्फेट, पाण्यात मोजून घालतो; बाकी धादांत खोटं. म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

डोंबिवलीत आम्ही दोघांनी गप्पी-गोल्डफिशवर सुरुवात केली आणि दोन वर्षांनी खाऱ्या पाण्याकडे वळलो. चेन्नईहून थर्माकोलच्या पेट्या कार्गोनं यायच्या. रात्री उशिरा विमानतळावरून पेट्या आणायच्या, तापमान जुळवायचं, पिशवी कापून मासा पटकन टाकीत घ्यायचा. पिशवी उघडून तासभर थेंब-थेंब पाणी देत बसू नका. प्रवासात कार्बन डायऑक्साइडनं पीएच खाली आलेला असतो, म्हणून माशांनी आत सोडलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. हे आम्ही मासे गमावूनच शिकलो.

आमचं पहिलं पक्कं गिऱ्हाईक म्हणजे बाई. निवृत्त शिक्षिका, रसायनशास्त्राच्या. त्यांना क्लाऊन माशांची एक जोडी हवी होती. मी टाकीत तांब्याच्या औषधाचा डोस देताना त्यांनी पाहिलं. तेव्हा मी बाजारातली निळी बाटली झाकणानं मोजून ओतायचो. बाई म्हणाल्या, ‘अरे, यात तांबं किती आहे ते तुला माहीत आहे का?’ मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःचा तराजू घेऊन आल्या. शुद्ध कॉपर सल्फेट, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रतीचा मोरचूद, ३.९३ ग्रॅम तोलायचा आणि डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून एक लिटर करायचा. झालं, एक मिलिलिटरात एक मिलिग्रॅम तांबं. १५० लिटरच्या टाकीत ०.२ पीपीएम, म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅम, हवं तर ३० मिलि, तेही एकदम नाही, दोन दिवसांत चार वेळा वाटून. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणाला लागतो तो मोरचूद इथे चालत नाही, हेही त्यांनीच बजावलं. टाकीचं पाणी काचेची मापं गुणून काढू नका, बादलीनं मोजून भरा. तराजू त्यांनी परत नेला नाही. आजही आमच्या गल्ल्याशेजारी तोच आहे.

बाईंनी ती जोडी घेतली तांब्याच्या पाण्यात तीस दिवस वेगळी ठेवल्यावर, आमची वही वाचून. प्रत्येक टाकीची वही असते : सकाळ-संध्याकाळचं कॉपर (तांबं), सॅलिनिटी (खारेपणा), अमोनिया, कुणी काय खाल्लं. ‘एकोणतिसाव्या दिवशी दिलास तर मी नेणार नाही,’ असं त्या म्हणाल्या होत्या.

आता २०१४ ची दिवाळी. एका हॉटेलच्या लॉबीत सहा फुटी टाकी लावायची होती, आणि भागीदारानं पाडव्याची तारीख देऊन टाकली होती. चेन्नईचा लॉट जेमतेम तीन दिवसांपूर्वी आलेला. त्यात एक पावडर ब्लू टँग, निळा समुद्री मासा, तळहाताएवढा, रंग असा की रस्त्यावरची माणसं थबकायची. भागीदार म्हणाला, ‘ठणठणीत आहे, शोच्या टाकीत घे, लोकांना दिसू दे.’ मी हो म्हटलं. ही चूक माझीही आहे आणि मी ती कधी नाकारली नाही.

तेव्हा आमच्या १४ टाक्या एकाच सम्पवर होत्या, म्हणजे सगळ्यांचं पाणी खालच्या एकाच टाकीतून फिरायचं. पाचव्या दिवशी सकाळी शटर उघडलं तर टँग पंपाच्या धारेत तोंड घालून उभा, कल्ले भात्यासारखे चाललेले. बाजूनं टॉर्च मारला तर अंगावर पिठासारखी सोनेरी धूळ. वेल्व्हेट, परजीवीमुळे होणारा रोग. याचा एक परजीवी माशावरून सुटला की तळाशी गाठ धरतो आणि त्यातून २५६ पर्यंत पिल्लं पोहत निघतात. एकाच सम्पमुळे ती १४ टाक्यांत एकाच वेळी पोहोचली. कॉपर फक्त पोहत्या अवस्थेला मारतं. माशाच्या अंगावर बसलेल्यांवर आणि गाठींवर त्याचं काही चालत नाही. आम्ही डोस सुरू केला तेव्हा उशीर झाला होता. तीन दिवसांत ११२ मासे गेले. मी ते मोजून वहीत लिहिले आहेत, पानं अजून आहेत.

हॉटेलनं इसार परत मागितला. पतपेढीचे हप्ते थकले. भागीदारानं गिऱ्हाइकांच्या नंबरांची डायरी उचलली आणि महिन्याभरात दोन गल्ल्या सोडून स्वतःचं दुकान थाटलं. उद्घाटनाचं बोलावणंही आलं नाही. जाताना सगळीकडे सांगून गेला की मासे माझ्या औषधानं मेले. औषध वेळेवर न दिल्यानं मेले, हे कोण ऐकणार? त्या महिन्यात दुकानाची पायरी चढल्या त्या फक्त बाई. त्यांनी सहा महिन्यांच्या माशांचे पैसे आगाऊ टेबलावर ठेवले आणि विचारलं, ‘सम्प कधी तोडतोयस?’

आम्ही सगळं ब्लीच केलं, धुतलं, उन्हात कोरडं खडखडीत केलं. मागची खोली क्वारंटाइनसाठी, म्हणजे नवे मासे वेगळे ठेवायला, काढली, कारण वेल्व्हेट हवेतल्या तुषारांवरूनही जातं, तीन मीटरपर्यंत. त्या खोलीत प्रत्येक टाकीला स्वतःचा स्पंज फिल्टर, स्वतःची जाळी, स्वतःचा मग. रंगीत टेप लावलेली जाळी दुसऱ्या टाकीत बुडाली तर त्या दिवसापासून तीस दिवस पुन्हा मोजायचे. तळाला वाळू नाही, दगड नाही, कारण दोन्ही तांबं शोषतात. लपायला पीव्हीसीचे एल्बो आणि पाइपाचे तुकडे. पूर्वी थेंबांच्या किटची निळी छटा ट्यूबलाइटखाली जुळवत बसायचो, आता डिजिटल चेकर आहे.

तांब्यानंतर फ्लूकसाठी, म्हणजे कल्ल्यांवर-अंगावर चिकटणाऱ्या कृमींसाठी, प्राझिक्वांटेल हे औषध, लिटरला २.५ मिलिग्रॅम, आठवड्यानं पुन्हा, आणि त्या काळात हवा जोरात. क्लाऊनच्या अंगावर पांढरी बुळबुळीत साय धरली तर तांब्यावर विसंबू नका, तो ब्रूक्लिनेला नावाचा दुसरा परजीवी, त्याला फॉर्मेलिन. आणि चिलेटेड (दुसऱ्या रसायनात बांधलेलं) कॉपर वापरणाऱ्यांनो, तुमचा आकडा २.२५ ते २.५ पीपीएम आणि आमचा ०.१५ ते ०.२. दोन्हींची गल्लत केलीत तर एकीकडे रोग जिवंत राहतो, दुसरीकडे मासा मरतो. अमोनिया बांधणारी बाटली कॉपरच्या टाकीत ओतू नका, पाणी बदला.

मधली वर्षं बरी गेली. पतपेढी फिटली.

मग २०२० आलं. त्याआधी ‘क्वारंटाइन म्हणजे काय हो?’ असं विचारणारे आता तोंडपाठ सांगू लागले. वेल्व्हेटवर चालणारं क्लोरोक्विन तर मेडिकलमध्ये नावालाही मिळेना. नंतर दुकान उघडतं तोच कळलं की दोन गल्ल्यांपलीकडे मोठ्ठा बोर्ड लागलाय : ‘क्वारंटाइन केलेले मासे’. मी मुलाला पाठवून विचारलं, किती दिवस? उत्तर आलं, चार. या शब्दाचं मूळच इटालियनमधल्या चाळीस दिवसांत आहे. माझ्या खोलीतल्या तीस दिवसांचं वीज बिल, मीठ, टेस्ट, मुलाची रविवारची ड्यूटी, हे सगळं त्या चार दिवसांच्या बोर्डनं पुसलं. गिऱ्हाईक दोन्ही दुकानांत भाव विचारतं आणि माझा यलो टँग महाग म्हणून निघून जातं. याचं दुःख मला आजही आहे आणि मी ते लपवत नाही.

बाईंच्या क्लाऊननी गेल्या वर्षी मातीच्या कुंडीवर पुन्हा अंडी घातली. नर कुंडीपासून हलत नाही, असा त्यांचा फोन आला होता.

चेन्नईचा नवा लॉट परवा रात्री आला आहे : दोन यलो टँग, क्लाऊनच्या चार जोड्या आणि त्या दिवाळीनंतर पहिल्यांदाच एक पावडर ब्लू. कॉपर आज सकाळी ०.१ वर आहे, उद्या रात्री ०.२ होईल, त्या दिवसापासून तीस मोजायचे. बघायला खुशाल या, काचेला हात लावू नका. वही बाहेर ठेवली आहे.