एकच नर

खेकडा उलटा केला की नर-मादी लगेच कळते. पोटाखालची घडी अरुंद असली तर नर, रुंद असली तर मादी. एवढं आमच्याकडं शाळेतल्या पोरांनाही येतं, पावसाळ्यात ओढ्याला सगळेच जातात. पण नराची ती घडी चिमट्यानं उचलली की आत दोन काड्यांसारखे अवयव दिसतात, त्यांच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. त्यांना गोनोपॉड म्हणतात. वीर्य मादीपर्यंत पोचवणं हे त्यांचं काम, आणि गोड्या पाण्यातल्या खेकड्याची जात ठरवायची म्हटलं की आमचं घोडं अडतं ते तिथंच. कवच फसवतं, रंग त्याहून फसवतो.

मी बेळगावातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या पट्ट्यातल्या एका जांभ्याच्या माळावरून आणलेला एक नर माझ्या कपाटात बाटलीत आहे आणि त्यानं माझी झोप उडवली आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढं येईलच.

हा खेकडा नदीत राहत नाही. कातळाच्या भोकांत राहतो, पहिला पाऊस झाला की बाहेर येतो, आणि रात्री बॅटरीच्या उजेडात भोकाच्या तोंडाशी बसलेला सापडतो. हात घातला की आत. आम्ही असे गुडघ्यावर रांगत होतो तेव्हा शेजारचे मामा कंदील घेऊन आले.

"काय हुडकालायसा सर? रस्सा करायचा तर काळी मोठी खेकडी वड्याला हाईत की. ह्येच्यात खायला काय हाय?"

पण मग त्यांनीच गवताची काडी भोकात फिरवून नर बाहेर काढून दिला. आमच्या एम.एस्सी.च्या पोरांना ते जमलं नव्हतं.

जिवंत खेकडा थेट अल्कोहोलमध्ये टाकला तर तडफडतो आणि पाय टाकून देतो. म्हणून आधी बर्फात गार करायचा, त्याच्याही आधी जिवंतपणी फोटो काढून घ्यायचा, कारण अल्कोहोलमध्ये गेला की रंग उडतो. नारिंगी असो की जांभळा, काही दिवसांत सगळे मळक्या पिवळ्या रंगाचे होतात. फॉर्मॅलिन अजिबात नाही, डीएनएची वाट लागते. पायातला थोडा मांसाचा तुकडा वेगळ्या कुपीत. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आतच. बाहेर चिकटवलेली लेबलं निघून गेलेल्या बाटल्यांची रांग मी एका ठिकाणी पाहिली आहे, तिथल्या लोकांना त्याचं काही वाटतही नव्हतं.

कॉलेज सुटल्यावर डावा गोनोपॉड सोडवायला बसलो. रीतीप्रमाणे डावाच काढतात, उजवा जागेवर ठेवतात. बारीक कात्रीनं बुडाशी कापायचा, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचा, कडेचे केस सुईनं बाजूला करायचे. या केसांत माती अडकलेली असते आणि ती काढताना टोक मोडलं तर संपलंच. आमच्या डिपार्टमेंटचा सूक्ष्मदर्शक एका बाजूनं झुकतो, त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी घालावी लागते. नव्यासाठीचा अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते विचारायचं मी सोडून दिलंय.

फोकस बसला आणि मी तसाच थांबलो. शेजारच्या डोंगरावरच्या जातीत गोनोपॉडचा शेवटचा खंड लांब, सरळ. दोघांची कवचं शेजारी-शेजारी ठेवली तर फरक सांगता येणार नाही, व्हर्नियरनं मोजलं तरी नाही. पण याचा शेवटचा खंड आखूड, बाहेरच्या अंगाला वळलेला, आणि वळणाच्या आतल्या बाजूला एक स्पष्ट खाच. न कापलेला उजवा पाहिला. तिथंही तेच, आरशात बघावं तसं. म्हणजे इजा नाही, व्यंग नाही. मग तिसऱ्या जबडपादाची, म्हणजे तोंडावर झाकणासारख्या असणाऱ्या अवयवाची, बाहेरची फांदी पाहिली, तिच्या टोकाला केसासारखा चाबूक असतो की नसतो हे आमच्यात महत्त्वाचं. ते नीट पाहून होईपर्यंत शिपाई किल्ल्या वाजवत दोनदा येऊन गेला.

एवढ्याशा पट्ट्यात वेगळी जात कशी, असं बाहेरचे विचारतात. समुद्रातल्या खेकड्याची पिल्लं लाटांवर कुठंही जातात. यांच्यात ती अवस्थाच नाही. अंड्यातून थेट चिमुकले खेकडे निघतात आणि काही दिवस आईच्या पोटाखालीच राहतात. त्यात मलप्रभा कणकुंबीत उगवून पूर्वेला कृष्णेकडं जाते, म्हादई त्याच मुलखातून पश्चिमेला गोव्यात उतरते. एका माळावरच्या खेकड्यानं दुसऱ्या माळावर जायचं कसं? घाटातले खेकडे माणसं फार पूर्वीपासून लिहून ठेवतायत, इंग्रज अधिकारी कर्नल साइक्सच्या वेळचं वर्णन 1836 चं आहे. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची अल्कॉकची सूची 1910 ची. गोनोपॉडवर भर देणारं बॉट या शास्त्रज्ञाचं काम 1970 चं. 'घाटियाना' हा वंश तर 2014 मध्ये आला, आणि यल्लापूरकडचा पांढरा-जांभळा 'घाटियाना द्विवर्णा' 2022 मध्ये. तो पहिल्यांदा एका वनरक्षकाच्या नजरेला पडला होता. ते वाचून मला मामांची काडी आठवली.

तर अडचण अशी, की माझ्याकडं पूर्ण वाढलेला नर एकच आहे. बाकी माद्या आणि पिल्लं. पिल्लांचे गोनोपॉड तयारच झालेले नसतात. एका नरावर जात लिहिता येते, नियम आडवा येत नाही. होलोटाइप, म्हणजे ज्या नमुन्यावरून जातीचं नाव ठरतं तो, एकच लागतो, तो सरकारनं ठरवलेल्या संग्रहात जमा करायचा. पण एक ज्येष्ठ स्नेही म्हणाले, थांब, आणखी नर मिळव. दुसरे म्हणाले, डीएनए वेगळा आलाय ना, मग छाप. या दुसऱ्या पंथाचे लोक हल्ली वाढलेत. त्यांनी खेकडा हातात धरलेला नसतो, डीएनएतल्या फरकाची टक्केवारी बघून जाती पाडतात.

म्हणून यंदा पहिल्या पावसाला परत गेलो. ज्या कोपऱ्यातल्या भोकातून मामांनी नर काढला होता, तो माळाचा कोपराच उरला नव्हता. तिथं चौकोनी खड्डा होता. चिऱ्याची खाण. करवतीचे उभे-आडवे ओरखडे भिंतीवर ताजे, तांबडं पाणी घोट्यापर्यंत. त्या कापलेल्या भिंतीच्या एका कपारीत एक मादी बसली होती. चिमट्यानं घडी जराशी उचलली तर आत मुगाएवढी पिल्लं, पाय हलवणारी. घडी मिटली, तिला तिथंच सोडलं. नर सापडला नाही.

ही मालकीची जागा आहे. भीमगड अभयारण्याची हद्द तिथपर्यंत येत नाही. आत असती तर मला खेकडा उचलायलाच मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागली असती. बाहेर मात्र पूर्ण माळ उचलला तरी चालतो.

परतताना मामांकडं चहाला थांबलो. त्यांना सगळं सांगितलं, नाव देणार आहे हेही.

"नाव पडल्यावर काय हुतंय? दगड काढायचं बंद हुतंय व्हय?"

होत नाही, म्हणालो. नुसत्या नावानं काही होत नाही. पण नाव नसेल तर धोक्यात आहे असं तरी कशाबद्दल म्हणायचं, हे मी मनात म्हणालो, त्यांना नाही.

आता निबंध जवळजवळ लिहून झालाय. एका पत्रकाराला कुणीतरी सांगितलं, त्याचे फोन सुरू आहेत, "सर, नाव तरी सांगा." वर्णनाशिवाय पेपरात नाव आलं तर ते शास्त्रात धरलं जात नाही, उलट गोंधळ होतो, हे त्याला समजावून दमलो. अडलंय ते स्थळाच्या ओळीपाशी. जिथून होलोटाइप आणला तिथले अक्षांश-रेखांश द्यायची रीत आहे. रंगीत खेकडे पाळणाऱ्यांचा बाजार आहे, त्यांना ती ओळ म्हणजे पत्ताच. आणि न देता छापलं तर उद्या त्या माळासाठी कुणी अर्ज करायचा झाला तर कागदावर दाखवायला काय?

आभाराच्या ओळीत मामांचं नाव घालू का, म्हणून फोन केला.

"नको ओ सर," मामा म्हणाले. "ती खाण आमच्या थोरल्या जावयाची हाय."

म्हणून तिथं सध्या 'एक स्थानिक शेतकरी' असं लिहिलंय. पण अक्षांश-रेखांश छापले की झालंच, त्या माळाला लागून घर एकच आहे.