शपथ कुणीच मागितली नाही

शनिवार, रात्री

डॉक्टरांनी आज दोन गोष्टी बजावल्या. पहिली, रोज पिणाऱ्याने मनाने ठरवून एकदम बंद करायचं नाही. शेवटच्या पेगनंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत भास, ताप, थरथर सुरू झाली तर जिवावर बेततं. त्यामुळे औषधं त्यांच्या देखरेखीखालीच. दुसरी गोष्ट त्यांनी प्रश्न करून विचारली. औषधांनी शरीर सावरेल, पण संध्याकाळ झाली की काय करणार? मला उत्तर सुचलं नाही. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (एए), म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या गटाच्या, मीटिंगला जा, म्हणाले.

रविवार

मीटिंगा दोन प्रकारच्या असतात. ओपन मीटिंगला कुणीही जाऊन बसू शकतं, नातेवाईकसुद्धा. क्लोज्ड मीटिंग फक्त ज्यांना स्वतःची दारू थांबवायची आहे त्यांच्यासाठी. हेल्पलाइनला फोन लावला, वाजायच्या आधीच कापला, पुन्हा लावला. पलीकडे एक बाई होत्या. बाईचा आवाज ऐकूनच रडू आलं. पिणाऱ्या पुरुषाला लोक शिव्या देतात, सांभाळूनही घेतात. पिणाऱ्या बाईला लपूनच राहावं लागतं. त्या म्हणाल्या, "ताई, नाव नाही सांगितलंत तरी चालेल. आज घेतली आहे का?" नाही म्हटलं. "मग आज जमलंय. उद्या या, मी दारातच थांबते."

फी नाही, फॉर्म नाही. सदस्य व्हायला एकच अट, दारू थांबवण्याची इच्छा. खर्च सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून चालतो, बाहेरची देणगी घेत नाहीत.

ऑनलाइन मीटिंगाही आहेत, फक्त बायकांच्याही. घरातून पाऊल टाकणं शक्य नसलेल्यांना त्यांचा केवढा आधार असेल! पण कॅमेरा बंद ठेवून माझ्या हातात काय असतं, ते मला ठाऊक आहे. मी प्रत्यक्षच जाणार.

सोमवार, उशिरा

जाऊन आले.

त्या खरंच दारात उभ्या होत्या. आत गोलात खुर्च्या. एकेक जण फक्त पहिलं नाव सांगतो, "मी अल्कोहोलिक आहे" म्हणतो आणि बोलायला लागतो. याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कुणी तोंड घालत नाही. बोलून झाल्यावर "तुम्ही असं करायला हवं होतं" असंही कुणी म्हणत नाही. एका काकांनी बाटल्या कुठे कुठे दडवायचे ते सांगितलं. मला वाटत होतं त्या जागा जगात फक्त मलाच माहीत आहेत. एक तरुण मुलगी म्हणाली, वर्षभर सोबर होते, गेल्या आठवड्यात स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायले. खोलीत एकाच्याही चेहऱ्यावर तिरस्कार दिसला नाही. काकांनी तिला एवढंच म्हटलं, "परत आलीस, बरं केलंस."

घरी मी किती शपथा घेतल्या असतील! मुलीची, आईची, देवाची. प्रत्येक शपथ घेताना खरी वाटायची. इथे शपथ कुणीच मागितली नाही. आयुष्यभराचं बोलायचंच नाही, फक्त आजचा दिवस. छातीवरचं ओझं उतरलं.

आणखी एक गोष्ट मनात घोळते आहे. १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा माणूस कामासाठी अमेरिकेतल्या ॲक्रन गावी गेला होता. काम फिसकटलं, पिण्याची ओढ अनावर झाली. तेव्हा त्याने दुसरा दारूडा शोधला, डॉ. बॉब स्मिथ, आणि त्याच्याशी बोलत बसला. बॉबला सुधारायला नाही, स्वतः टिकून राहायला. त्यानंतर बॉबही एकदा घसरले. त्यांचा शेवटचा घोट १० जून १९३५ चा, आणि तोच एएचा स्थापना दिवस धरतात. आज कळलं, ती मंडळी माझ्यावर उपकार म्हणून बोलत नव्हती. त्यांनाही माझी गरज होती. कित्येक वर्षांत कुणाला माझी अशी गरज वाटली नव्हती.

एएच्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारूतून बाहेर यायच्या त्यांच्या वाटेत, ईश्वराचा, आपल्याहून मोठ्या शक्तीचा उल्लेख आहे, तिथे मी अडखळले. काका म्हणाले, "तुला समजेल तसा. मी पहिली काही वर्षं या गटालाच ती शक्ती मानत होतो." मला एवढं पुरतं. ज्यांना पुरत नाही त्यांच्यासाठी ईश्वराशिवाय चालणारे गट आहेत, स्मार्ट रिकव्हरी तर १९९४ पासून.

मंगळवार

ह्यांना आकड्यांशिवाय काही पटत नाही. २०२० चा कॉक्रन आढावा दाखवला, त्यात उपचारांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासतात: २७ अभ्यास, १०,५६५ माणसं, पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत एए आणि ठरलेल्या पद्धतीने तिच्याकडे नेणारे उपचार इतर मान्य उपचारांपेक्षा सरस. ह्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. मग विचारलं, "आमच्यासाठी काही असतं का?" असतं. अलॅनॉन, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी, १९५१ पासून. बिलची बायको लोइस हिचा ते सुरू करण्यात वाटा होता. पत्ता काढून दिला. जातील की नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवायचं.

संध्याकाळी फार तळमळ झाली. त्या बाईंनी नंबर दिला होता, लावला. त्यांनी आधी जेवलात का विचारलं. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारांपैकी एखादं असलं की ओढ वाढते म्हणे. जेवले नव्हते. जेवले, मग पुन्हा बोललो.

परवा क्लोज्ड मीटिंग आहे. काल नुसतं नाव सांगून ऐकत बसले होते. परवा बाटल्यांच्या जागांचं सांगणार आहे, काकांनी न सांगितलेल्या तेवढ्या.