पत्त्यासकट पत्रं

जुन्या अमेरिकी विज्ञानकथा-मासिकांच्या स्कॅन केलेल्या प्रती चाळायचा मला नाद आहे. गोष्टी मी बहुतेक सोडूनच देते; खरं सांगायचं तर बऱ्याचशा रटाळ आहेत. मी आधी उघडते ती वाचकांची पत्रं.

‘अमेझिंग स्टोरीज’चा पहिला अंक एप्रिल १९२६ चा, किंमत २५ सेंट. मुखपृष्ठावर भलामोठा शनी, खाली बर्फावर स्केटिंग करणारी माणसं. आत मात्र सगळा जुनाच माल: वेल्स, व्हर्न, पो या लेखकांच्या आधीच छापून आलेल्या गोष्टी. संपादक ह्यूगो गर्न्सबॅक लेखकांना पैसे देताना इतका हात आखडता घ्यायचा, की भयकथाकार लव्हक्राफ्टने त्याला ‘उंदीर’ म्हणून टाकलं. पण या चिकट माणसाने एक झकास गोष्ट केली. पत्रलेखकाच्या नावासोबत तो पूर्ण पत्ता छापायचा.

झालं! रॉकेटच्या वेडापायी गावात चेष्टेचा विषय झालेली पोरं थेट एकमेकांनाच लिहू लागली. पत्रांतून क्लब निघाले, क्लबांतून त्यांची स्वतःची मासिकं. पहिलं धरतात ते मे १९३० चं ‘द कॉमेट’. छापखाना परवडायचा नाही. मग पसरट ताटलीत जिलेटिन थापायचं, जांभळ्या शाईने लिहिलेला कागद त्यावर उलटा दाबायचा, मग एकेक कोरा कागद लावून उचलायचा. पन्नासेक प्रती निघाल्या की अक्षरं फिकी. क्लीव्हलंडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या पोरांनीही असंच घरगुती मासिक काढलं होतं. १९३३ च्या एका अंकात त्यांचा पहिला सुपरमॅन आहे: टकला आणि चक्क खलनायक.

आणि भांडणं? मंडळ म्हटलं की फूट आलीच, तिथे तरी वेगळं काय असणार! जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथाप्रेमींचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. माणसं जेमतेम दोनशे, तरी एका विरोधी गटातल्या सहा जणांना आयोजकांनी दारातूनच परत पाठवलं. हे आत येऊन गोंधळ घालतील, अशी धास्ती. त्याच गटातला, पुढे विज्ञानकथाकार म्हणून गाजलेला आयझॅक असिमॉव्ह मात्र आत जाऊन बसला.

बाहेर राहिलेल्यांत एकोणीस वर्षांचा फ्रेडरिक पोल होता. काही महिन्यांतच तो दोन मासिकांचा संपादक झाला. मानधन देणार शब्दाला अर्धा सेंट, आणि गोष्टी छापणार बऱ्याचशा आपल्याच कंपूतल्या दोस्तांच्या.