हल्लेखोर खाली पडल्यानंतरचा फटका

‘स्वसंरक्षणात समोरचा मेला तर गुन्हा नाही’ हे अर्धंच खरं आहे, आणि त्यावर विसंबणं फार महागात पडतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या भारतीय दंड संहितेतली स्वसंरक्षणाच्या हक्काची ९६ ते १०६ ही कलमं आता तिच्यात ३४ ते ४४ आहेत, गाभा तोच.

जीव घेण्यापर्यंत हा हक्क कधी पोचतो, हे कलम ३८ सांगतं: मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार, अपहरण, पोलिसांची मदत मागताच येणार नाही असं डांबून ठेवणं आणि ॲसिड हल्ला. साधी मारहाण यात बसत नाही. मालमत्तेसाठी कलम ४१ आहे. त्यात जबरी चोरी, सूर्यास्तानंतरची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं असे प्रसंग येतात. भरदुपारी सायकल घेऊन पळणाऱ्याच्या डोक्यात गज घालायला त्यात आधार नाही.

खरी प्रकरणं फसतात ती वेळेवर. कलम ४० प्रमाणे पहिला वार खाईपर्यंत थांबावं लागत नाही. रास्त भीती वाटली की हक्क सुरू होतो, भीती सरली की संपतो. चाकू घेऊन आलेल्याच्या मनगटावर काठी बसली, चाकू दूर पडला, तो कोसळला; इथवर बचाव. त्यानंतर डोक्यात घातलेला फटका सूड ठरू शकतो. शवविच्छेदनात जखमा कुठे, किती आणि कशा आहेत हे नोंदलं जातं. डोक्याच्या मागच्या बाजूला तीन जखमा असतील तर उत्तर देणं अवघड. अर्थात, जीव धोक्यात असताना माणसाने प्रत्येक वार सोन्याच्या तराजूत तोलावा, अशी अपेक्षा न्यायालयं धरत नाहीत, आणि ते रास्तच आहे.

सद्भावनेने, पूर्वतयारीशिवाय आणि गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हेतू नसताना मर्यादा ओलांडली, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनापेक्षा कमी गंभीर गुन्हा, ठरतो. पण तिथेही, जीव घेण्याचा हेतू दिसला तर कलम १०५ खाली जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षं कैद आहे.

बचाव दाखवून देण्याची जबाबदारी आरोपीवर असते, मात्र आपली बाजू अधिक संभवनीय वाटली तरी पुरतं. म्हणून लगेच ११२ ला फोन करा, हत्यार हलवू नका, रक्ताचे कपडे धुऊ नका. स्वतःच्या जखमांची त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात नोंद करून घ्या, ओरखडा असला तरी.