घाट चढत चांदीपर्यंत: रीनो ते व्हर्जिनिया सिटी

अमेरिकेत नेवाडातल्या व्हर्जिनिया सिटी या जुन्या खाणगावात लोक जुनी सलून, म्हणजे दारूचे गुत्ते, बघायला जातात. आम्ही दगड बघायला गेलो. त्यासाठी रीनोहून गायगर ग्रेडच्या घाटानेच (रस्ता 341) चढा.

आधी पायथ्याशी स्टीमबोट स्प्रिंग्स हे गरम पाण्याचे झरे. गारठ्याच्या सकाळी वाफा रस्त्यावरूनच दिसतात. इथलं गरम पाणी आजही सिलिका (गारगोटीचंच द्रव्य) आणि किंचित सोनं-चांदी मागे सोडतं. वर डोंगरात सुमारे 1 कोटी 40 लाख वर्षांपूर्वी असंच काहीसं चाललं होतं. तो झरा विझला, हा चालू आहे.

घाटात करडा अँडेसाइट (ज्वालामुखीचा दगड) मध्येच पांढरा-पिवळा पडतो. गरम पाण्याने त्याची पार माती केलीये. चिमटीत चुरली तर थेट गणपतीची शाडू! आणि पाइनची झाडं नेमकी या पांढऱ्या पट्ट्यांवरच, शेजारच्या धडधाकट दगडावर नुसती सेजब्रशची झुडपं. दगडातलं पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) गंजून आम्ल होतं, मातीतला कस जातो. सेजब्रशला ते सोसत नाही, पाइन तग धरतो. हे कळल्यावर बायको गाडीत बसल्या बसल्या झाडांवरून दगड ओळखायला लागली. मी फोटोच्या नादात वळणावरच गाडी लावली आणि मागच्या ट्रकवाल्याचा लांबलचक हॉर्न खाल्ला. रस्त्याकडेला रुंद जागा मिळेल तिथेच थांबा.

गाव सुमारे 6,200 फुटांवर, माउंट डेव्हिडसनच्या पूर्व उतारावर. इथल्या भ्रंशाच्या (खडक तुटून सरकला त्या जागेच्या) भेगांत गारगोटी भरली, तीच सोन्या-चांदीची कॉमस्टॉक शीर. पण माल सलग नाही. मध्येच घबाड, मग शेकडो फूट नुसती गारगोटी. 1859 साली सोनं धुणारे ज्या निळ्या-काळ्या चिखलाला शिव्या घालत होते, त्याची तपासणी केल्यावर कळलं की ते चांदीचं खनिज आहे! पुढे खोल खाणींत 170 अंश फॅरनहाइटचं पाणी लागलं, म्हणजे डोंगराच्या पोटात आजही उष्णता आहे.

खाणीची सफर हंगामी असते, आधी फोन करा. उघड्या विवरांजवळ मुलांना सोडू नका. खाणीचे ढिगारे आहेत त्या जमिनी बऱ्याचशा खाजगी आहेत, दगड खिशात घालू नका. दहापट मोठं दाखवणारं भिंग मात्र हवंच. उतरताना गोल्ड हिलचा रस्ता 342 फार तीव्र उताराचा आहे, खालचा गिअर टाका. पाऊस पडून गेला असेल तर त्या शाडूवर चढू नका, मी सपशेल आपटलो.