गळ्याचा फुगा अजून अर्धाच

यंदाच्या पावसात बेडकांचे फोटो काढतोय, त्यातली ही तिसरी नोंद. आधीच्या दोन ठाण्याजवळच्या येऊरच्या खाचरांवरच्या होत्या आणि दोन्ही रडगाणीच होती. सकाळी बांधावर पोचायचो, कडेच्या पाण्यात स्किटरिंग फ्रॉगचे नुसते डोळे वर दिसायचे, आणि मी गुडघा टेकेपर्यंत सगळे पाण्यावरून टुणटुणत पलीकडे. कार्डात जमा काय, तर तरंग. खाचराच्या आजी शेवटी म्हणाल्या, "उभा येतोस ना, म्हणून पळतात. बसून सरक. आणि रोपं तुडवू नको."

बसून सरकल्यावर फरक पडला, पण येऊरला अंधार पडायच्या आत निघावं लागतं आणि मला हवा होता ओरडणारा बेडूक. तो सापडला घराजवळच. घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीमागे एक मोकळा प्लॉट आहे, तिथल्या घोटाभर पाण्याच्या डबक्यात रात्री मायक्रोहायला ऑर्नाटा या इवल्याशा बेडकाचा नुसता गोंगाट असतो. बेडूक जेमतेम २.५ सेंटीमीटरचा, आवाज मात्र अंगापेक्षा कितीतरी मोठा. गवताच्या काडीला चिकटून, अर्धा पाण्यात बसून ओरडतो आणि गळा जवळजवळ त्याच्या स्वतःएवढा फुगतो.

सेटअप जुनाच: क्रॉप सेन्सर बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा), जवळून फोटो काढायची ९० मिमी मॅक्रो लेन्स, अ‍ॅपर्चर एफ/११, शटर १/२०० सेकंद, आयएसओ ४००. अर्ध्या आकाराच्या मॅग्निफिकेशनला (सेन्सरवरची प्रतिमा खऱ्याच्या निम्मी) बेडकाने फ्रेमची निम्मी रुंदी व्यापली, पण फोकसची खोली, म्हणजे धारदार दिसणारा भाग, अडीच-तीन मिलिमीटरच. डोळा धारदार आला तर फुग्याची पुढची कड मऊ. त्यावर एकच उपाय जमला, बेडकाच्या कुशीला सेन्सर समांतर ठेवायचा. समोरून काढायचा मोह सोडला.

ओल्या कातडीवर फ्लॅशचे पांढरे ठिपके पडायचे, त्यापायी अख्खा जुलै गेला. अखेर श्रीखंडाच्या डब्याचं पांढरं झाकण आणि आत फोमशीटचा तुकडा असा डिफ्युझर केला आणि तो लेन्सच्या अगदी टोकापर्यंत पुढे आणला. प्रकाशाचा आकार बेडकापेक्षा मोठा झाला, ठिपके पसरून मऊ झाले. डोळ्यात आता झाकणाचा गोल दिसतो. मला आवडतो तो. कुणाला नाही आवडला तर चौकोनी डबा शोधा.

खरी गंमत टायमिंगची. आवाज ऐकून बटण दाबलं की हमखास उशीर. आधी वाटायचं माझाच हात मंद. मग नुसतं बघत बसलो, एका रात्री एकही फोटो न काढता. तोंड बंद ठेवून हवा फुप्फुसातून गळ्यात ढकलली जाते, त्यामुळे फुगा वर यायला लागतो तेव्हा कुशी आत जातात. म्हणून आता फुग्याकडे बघतच नाही, कुशीवर नजर ठेवतो. ती दबायला लागली की दाबायचं. वीसेक फोटोंत दोन-तीन पूर्ण फुगे मिळाले, बाकी अर्धेच. जूनमध्ये शून्य होते.

टॉर्चवर लाल जिलेटीन लावलंय. पांढऱ्या उजेडात सगळे गप्प होतात आणि पुन्हा सुरू व्हायला दहा-पंधरा मिनिटं जातात. ऑटोफोकस बंदच. कोपराखाली तूरडाळीची पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतो आणि अंग पुढेमागे करून फोकस साधतो. (डाळ घरून गेल्याचं अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.)

डास भयंकर आहेत, तरी हाताला मलम लावू नका. बेडकांची कातडी सगळं शोषून घेते, चुकून हात लागला तर त्रास त्यांना. मी पूर्ण बाह्या आणि गमबूट घालतो. गमबूट घोणसीसाठीही. परवा त्याच डबक्यात पाणदिवड शिरली होती, ती बिनविषारी, पण तिच्यामुळे सगळी मैफल बंद.

पहिल्या रात्री रखवालदाराने विचारलं, "साहेब, किल्ली पडली का?" चिखलात पालथ्या पडलेल्या माणसाला दुसरं काय विचारणार! कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला तेव्हा त्याने तो मोठा करायला लावला. आता सरी आल्या की फ्लॅशवर छत्री तोच धरतो आणि कुठला बेडूक आज जोरात आहे तेही सांगतो. काल मात्र त्याने उत्साहात माझ्या पाठीमागून मोबाइलचा टॉर्च मारला. पुढची पंधरा मिनिटं दोघं गप्प बसलो होतो.