तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या दुकानांवर लक्ष ठेवता तरी कसं?

लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघताना, मी काय काम करते हे समोरच्याला कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "ताई, एवढी दुकानं! कुठे कोण खराब माल विकतंय यावर लक्ष ठेवता तरी कसं?"

आमची दुकानं छोटी. काही पेट्रोल पंपाच्या आवारात, काही बसस्टँडसमोर. दूध, ताक, पनीर, ब्रेड, सँडविच, आइस्क्रीम, आणि काउंटरवर गरम समोसा-कचोरी. पहाटे जळगावच्या गोडाऊनमधून एक गाडी भुसावळकडे निघते, दुसरी एरंडोल, पारोळा करत धुळ्याला आणि तिथून पुढे दोंडाईचा, नंदुरबारकडे. या दुकानांतलं खाऊन कुणाचं पोट बिघडू नये, ही जबाबदारी माझ्याकडे.

खरं उत्तर असं की लक्ष मी ठेवूच शकत नाही. मी एका दुकानात उभी असते तेव्हा बाकीच्या सगळ्या दुकानांत मी नसते. हे साधं गणित समजायला मला काही वर्षं लागली, आणि ते एका रजिस्टरने शिकवलं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपासचे दिवस होते. आपल्याकडचं तेव्हाचं ऊन वेगळं सांगायला नको. माहेरवाशिणी आलेल्या, पोरं आइस्क्रीमला रांगा लावून उभी, फ्रीजचं दार मिटायला फुरसत नाही. मी न सांगता एका दुकानात गेले. प्रत्येक फ्रीजशेजारी तापमानाचं रजिस्टर टांगलेलं असतं, दर दोन तासांनी आकडा लिहायचा. पानावर ४, ४, ४, ४. एकाच पेनाने, एकाच तिरक्या वळणाचे. दुपारचे दीड वाजले होते आणि संध्याकाळी सहाचा रकानाही भरलेला होता. माझा थर्मामीटर पनीरच्या दोन पाकिटांमध्ये धरला, तर ११.

काउंटरवरचा मुलगा घाबरला. ओरडले नाही, फक्त विचारलं की असं का केलंस. तो म्हणाला, "मॅडम, नऊ लिहिलं की ऑफिसातून फोन येतो. दार उघडं ठेवलं होतं का, लक्ष कुठं होतं. माल काढून टाकला की महिन्याच्या हिशोबात माझ्याच दुकानाचं नुकसान दिसतं, बोनस जातो. चार लिहिलं की कोणी काही विचारत नाही."

तो फोन करणारी मीच होते. खोटं लिहायला त्याला आम्हीच शिकवलं होतं.

आता त्या ११ मध्ये एवढं काय बिघडतं, ते सांगते. नाशवंत माल थंड ठेवायचा तर ५ अंशांच्या आत, गरम ठेवायचा तर ६० च्या वर. मधला सगळा पट्टा जंतूंचा. पोषक उबेत काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे एकाचे सहा तासांत अडीच लाखांच्या वर. ११ अंशांवर वेग बराच कमी असतो, पण उन्हात उभ्या गाडीत किंवा दारं उघडी राहिलेल्या फ्रीजमध्ये तो आकडा ११ वर थांबत नाही. आणि यातलं काहीही नाकाला कळत नाही. दूध नासवणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बरेचसे वेगळे. वास ठीक, चव ठीक, आणि रात्री उलट्या.

"मग पुन्हा गरम करून विकायचं," असंही लोक सुचवतात. कापलेल्या बोटातून, नाकातून अन्नात जाणारा स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू आहे. तो अन्नात वाढताना विष सोडतो. उकळलं की जंतू मरतो, विष तसंच राहतं. म्हणून बोट कापलेला मुलगा आमच्याकडे समोशाला हात लावत नाही, आणि जुलाब लागलेल्याला पगार न कापता घरी पाठवतो. पगार कापला तर तो सांगणारच नाही. काचेच्या पेटीत पिवळा बल्ब लावून ठेवलेल्या समोशांची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. ते गरम दिसतात, असतात जेमतेम कोमट. आमच्या पेट्या आम्ही बदलल्या. ६० धरत नसेल तर त्या पेटीत काही ठेवायचं नाही.

कायदा आहेच. २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, १४ आकडी परवाना दर्शनी भागात, दर २५ कामगारांमागे प्रशिक्षण घेतलेला एक पर्यवेक्षक. ते सगळं आम्ही करतो. पण तपासणीच्या दिवशी नीट असलेलं दुकान पुढच्या मंगळवारी दुपारी तीन वाजता कसं असेल, ते त्या मुलाच्या हातात असतं.

म्हणून त्या आखाजीनंतर मालकांशी भांडून दोन गोष्टी करून घेतल्या. काढून टाकलेल्या मालाचा खर्च दुकानाच्या हिशोबात धरायचा नाही, मुख्य ऑफिसने सोसायचा. आणि कोणी ९ लिहिलं तर फोन जाईल तो मेकॅनिकला. पहिल्या महिन्यात आकडे इतके वाईट आले की मालकांनी मला बोलावून घेतलं. मी म्हटलं, हे आधीपासून असंच होतं, आज दिसतंय एवढंच. दोन दुकानांत फ्रीज पश्चिमेच्या उन्हासमोर निघाले. एका ठिकाणी माल इतका ठासून भरलेला की गार हवा फिरायलाच जागा नव्हती. ही दुरुस्ती एका दिवसाची होती, पण खरा आकडा मिळेपर्यंत ती सुचणार कशी?

माझी आई मात्र अजून विचारते, "चांगलं शे, फेकस कसाले?" तिच्या घरात भाकरीचा तुकडाही वाया गेला नाही, आणि तिचं दुखणं मला पटतं. तिला मी सांगते की फेकावं लागू नये म्हणून मागवतानाच हात आखडतो. आठवडे बाजाराच्या दिवशी जास्त, दुसऱ्या दिवशी निम्मं. सारंगखेड्याच्या यात्रेत त्या बाजूच्या दुकानांचा माल वाढवतो, यात्रा उठायच्या दोन दिवस आधी उतरवतो. आधी संपणारी तारीख पुढे, नंतरची मागे. यानेच फेकणं बरंच कमी झालं.

आता प्रत्येक डीप फ्रीझरमध्ये एक स्टीलची वाटी आहे. तीत पाणी गोठवून बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवलेलं. रात्री वीज गेली, बर्फ वितळला आणि पहाटे वीज येऊन पुन्हा गोठला, तर काट्यावर उणे १८ दिसतं, आइस्क्रीमही कडक लागतं. नाणं मात्र वाटीच्या तळाला गेलेलं असतं.

मागच्या पावसाळ्यात सकाळी पावणेसातला पारोळ्याहून फोन आला. महिन्यापूर्वीच लागलेला मुलगा. "ताई, नाणं खाली गेलंय. मी सगळं आइस्क्रीम बाहेर काढून ठेवलंय, फोटो पाठवतो. गिऱ्हाईक उभं आहे, त्याला काय सांगू?"

"संपलंय म्हणून सांग," मी म्हटलं.

"तेच सांगितलं," तो म्हणाला.